तिको तिको तोको तोतो : अ‍ॅझटेक कवितेचे बोल

मेक्सिको सिटीत अ‍ॅझटेक कवितेचा रंगमंचीय प्रयोग बघायचा योग आला, तर आधी कान ढोलाकडे लावा. अ‍ॅझटेकांच्या नावात्ल भाषेत कवितेला ‘इन शोचित्ल, इन क्विकात्ल’ म्हणतात, म्हणजे ‘फूल आणि गाणं’. ती एकट्याने मनात वाचायची वस्तू नव्हती. अ‍ॅझटेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानमध्ये, तरुण मुलामुलींना गाणं आणि नाच शिकवायला ‘क्विकाकाल्ली’, गाण्याचं घर, होतं.

तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या माणसाला यातली मुख्य गोष्ट चटकन कळेल. ‘कांतारेस मेहिकानोस’ हे १६व्या शतकातलं हस्तलिखित मेक्सिकोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात ९१ गाणी आहेत, आणि बऱ्याच गाण्यांसोबत ढोलाचे बोल लिहिलेले आहेत. अक्षरं चारच: ति, तो, कि, को. एका ठिकाणी सूचनाच आहे: ‘तिको तिको तोको तोतो’ असं वाजवा, गाणं संपत आलं की ‘तिकिति तितितो तिति’. ‘इ’ म्हणजे उंच स्वर आणि ‘ओ’ म्हणजे खालचा, की उलट, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. संचाने पहिल्याच तालमीत एक अर्थ ठरवून टाकावा. तो मधेच बदलला की नाचणाऱ्यांचे पाय चुकतात, कारण ते शब्दांवर नाही, बोलांवर पडतात.

वाद्यं दोन. वेवेत्ल म्हणजे कोरलेल्या ओंडक्याचा, तीन पायांचा उभा ढोल. तो मुळात हाताने वाजवायचा: कातड्याच्या मध्यावर खालचा स्वर, कडेला उंच. तेपोनास्त्ली आडवा असतो, त्याला कातडं नाही. पोकळ लाकडाच्या पाठीवर इंग्रजी एच अक्षरासारखी चीर पाडून दोन जिभा तयार करतात आणि टोकाला रबर लावलेल्या काठ्यांनी वाजवतात. जिभेच्या मुळाशी लाकूड खरवडलं तर स्वर उतरतो, टोकाशी खरवडलं तर चढतो. एकदा खरवडलेलं परत जोडता येत नाही, तेव्हा तेपोनास्त्ली गायकाच्या पट्टीला आणायच्या फंदात पडू नये. गायकानेच त्याच्या पट्टीत यावं. वेवेत्लचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं आणि दोन स्वरांतला फरक बुजतो. उघड्यावर ढोलाखाली निखारे ठेवून कातडं ताणून घेता येतं. बंद नाट्यगृहात मात्र प्रयोगाआधी हीटरची दुरूनच ऊब द्यावी. फार जवळ नेलं तर कातडं तडकतं.

पायात आयोयोते बांधतात. आपल्याकडच्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, जवळच्या नात्यातल्या झाडाची ही वाळलेली कठीण फळं. आतलं बी विषारी असतं, ते काढून फक्त टरफलं कातडी पट्ट्यावर ओवतात, एका पायाला पन्नास-साठ तरी. वीस जण एकदम नाचले की पावसाच्या सरीसारखा आवाज होतो आणि कवितेचा एक शब्द ऐकू येत नाही. नवख्या दिग्दर्शकाची ही हमखास चूक, आणि माइक वाढवून ती सुटत नाही.

उपाय कवितेच्या बांधणीतच आहे. कडवी बहुधा जोडीने येतात आणि जोडीतली दोन्ही एकाच ‘ओवाया ओवाया’सारख्या निरर्थक सुरावटीवर संपतात. छापील भाषांतरांत हे ‘ओवाया’ अनेकदा गाळलेलं असतं. रंगमंचावर ते गाळणं म्हणजे नाचाची जागाच कापून टाकणं. तेनोच्तित्लानच्या शेजारच्या तेस्कोको नगरीचा राजा नेसावाल्कोयोत्ल (१४०२–१४७२) याच्या नावावर असलेल्या ओळी घ्या:

जेड असला तरी फुटतो,
सोनं असलं तरी तुटतं,
केत्सालची पिसं असली तरी मोडतात.
कायम नाही या भूमीवर,
थोडाच वेळ इथे.

ओळी चालू असताना पाय थांबलेले हवेत, ‘ओवाया’वर सगळे उठायला हवेत. केत्साल या हिरव्या पक्ष्याच्या पिसांबद्दलचे शब्द नीट ऐकू आले, तर मग डोक्यावरची पिसं हलताना पोटात काहीतरी तुटतं.

उच्चाराबद्दल एकच. शेवटचा ‘त्ल’ हा एकच ध्वनी आहे. जिभेचं टोक दातांमागे टेकवून हवा बाजूने सोडायची. आपण मराठी माणसं त्याला शेवटी ‘अ’ जोडतो, त्याने एक मात्रा वाढते आणि बोल सरकतात. जोर बहुतेक नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

बोल सरकले तर काय होतं, याची जुनी नोंद आहे. १४७९ साली, अ‍ॅझटेकांनी जिंकलेल्या चाल्को प्रांताचे सरदार अ‍ॅझटेक सम्राट आशायाकात्लच्या वाड्यासमोर ‘चाल्कोच्या बायकांचं गाणं’ गायला आले. गाणारे पुरुष, पण बोलणारी बाई: युद्धात हरलेली, जिंकणाऱ्या राजाला मोहात पाडणारी आणि टोमणे मारणारी. ढोलावरचा मुख्य माणूस मधेच अडखळला आणि ढोलापाशीच कोसळला. तेव्हा चाल्कोतल्याच आमेकामेका गावचा केचोल्कोवात्ल पुढे झाला आणि त्याने ताल सावरला. इतिहासकार चिमाल्पाइन लिहितो, की ते ऐकून आशायाकात्ल आतून बाहेर आला, आणि नाचत आला.