पाळक साहेब उभे राहणार का?

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, गेली काही वर्षं एकच विषय चालू होता, पाळक साहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नगरपालिकेला उभे राहणार का. आता तो विषय संपलाय त्यामुळे लिहायला हरकत नाही. गावाचं नाव सांगत नाही, नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, जुनं दगडी चर्च, मागे मिशन कंपाउंड. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

पाळकाने निवडणूक लढवावी की नाही यावर मी दोन्ही बाजूंनी तासभर भांडू शकतो. पण माझं मत असं झालंय की मंडळीचं नुकसान निवडणुकीने होतच नाही, ते होतं त्याच्या आधीच्या काळात. "बघू", "अजून काही ठरलं नाही", "लोकं म्हणतायत" वाला जो काळ असतो ना, तो. माणूस उमेदवार झाला की निदान कळतं तरी, अमुक दिवसापासून पुलपीटवर, म्हणजे प्रवचनाच्या जागी, कोण उभं राहणार, हॉल कोणाला द्यायचा, हिशोब कोण बघणार. "बघू"मध्ये यातलं काहीच विचारता येत नाही, कारण विचारलं की लगेच "तुम्हाला कोणी सांगितलं मी उभा राहतोय?"

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. साहेबांनी खरंच खूप काम केलं, रेशनचे किट वाटले, ऑक्सिजनसाठी रात्री अपरात्री फोन लावले, आणि हे सगळं आपला-परका न बघता, निम्म्याहून जास्त घरं तर ख्रिस्ती नव्हतीच. मग त्यांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला. पांढरा झगा, गळ्यात स्टोल, हात जोडलेले, आणि खाली 'भावी नगरसेवक'. शुभेच्छुकांचे पासपोर्ट साईज फोटो दोन ओळींत, त्यातले निम्मे चेहरे आम्ही चर्चमध्ये कधी पाहिलेले नाहीत. साहेब म्हणाले मी लावायला सांगितला नाही. खरंच सांगितला नसेल. पण उतरवायलाही सांगितला नाही, आणि तो पावसाळा लागेपर्यंत तिथेच होता.

तिथून पुढे चर्चमधला संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकायची आमची पद्धतच बदलली. साहेबांनी बायबलातला नहेम्या काढला, यरुशलेमचा तट पुन्हा बांधायचा भाग, तर मागच्या बाकावर लगेच कुजबुज, हा स्टँडकडच्या रस्त्याचा विषय आहे. विहिरीवरची शोमरोनी बाई आली की पाण्याचा टँकर. माणूस बिचारा दरवर्षी तेच उतारे घेतो, चर्चच्या पंचांगाप्रमाणे येतात ते, पण आता प्रत्येक वाक्याला दोन अर्थ. आणि एका घराने तर यायचंच बंद केलं, कारण त्यांचा मुलगा दुसऱ्या पक्षाचं काम करतो आणि साहेब कोणत्या पक्षाकडून तिकीट मागतायत हे गावाला माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतं पण सगळे सांगत होते.

हार्वेस्ट फेस्टिव्हलचा लिलाव तर कहर झाला. आमच्याकडे लोकं शेतातलं घरातलं आणून देतात, कोंबड्या, अंडी, ज्वारी, केळ्याचा घड, आणि मग बोली लागते, मजेत. एक मावशी दरवर्षी स्वतःच आणलेला डांगर भोपळा स्वतःच दोनशे अडीचशेला सोडवून घेतात, ती त्यांची दानाची पद्धत. त्या वर्षी पाहुणे म्हणून एका पक्षाचे शहराध्यक्ष आले होते, आणि त्यांनी भोपळ्यावर डायरेक्ट अकरा हजारांची बोली लावली. टाळ्या. साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो. मावशी आपल्या पिशवीची घडी घालून परत पर्समध्ये ठेवत होत्या ते मी पाहिलं. आणि मग खजिनदारांचा प्रश्न, पावती कोणाच्या नावाने फाडू? पक्षाच्या की माणसाच्या? पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत, यावर दोन मीटिंगा गेल्या, चेष्टा नाही.

तेव्हा मी जरा कायदा वाचला. १९८८ चा एक केंद्राचा कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखायचा. त्याप्रमाणे चर्चची जागा राजकीय कामासाठी वापरू द्यायची नाही, चर्चचा पैसा पक्षाच्या कामाला लावायचा नाही, मोडलं तर व्यवस्थापन करणाऱ्यांना ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. पाळकाने उभं राहू नये असं त्यात कुठेही नाही. अडकते ती जागा आणि अडकतो तो पैसा, आणि अडकतात कमिटीवर सह्या करणारे आमच्यासारखे. धर्माच्या नावाने मतं मागणं वेगळं. त्याचा सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल २ जानेवारी २०१७ चा आहे, सात जजेसचं बेंच, ४ विरुद्ध ३, आणि मूळ केस आपल्याच सांताक्रूझची, १९९० च्या विधानसभेची. कोर्टाने सांगितलं की उमेदवाराचा धर्म तर नाहीच, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही.

तसंही आमच्या साहेबांना ख्रिस्ती मतांवर निवडून येणं शक्यच नव्हतं. राज्यात आपण १ टक्क्याच्या आसपास, वॉर्डात फार तर थोडे जास्त. म्हणजे उमेदवार व्हायचं तर सगळ्यांचं व्हावं लागणार, आणि सगळ्यांचं व्हायचं म्हणजे नारळ आला, गुलाल आला, गणपतीत मंडळामंडळांत जाऊन आरतीचं ताट हातात धरणं आलं. यावर आमच्याकडे जी भांडणं झाली ती पक्षावरून झाली नाहीत इतकी. एक वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, उभे राहून म्हणाले, पाळकाच्या कपाळाला गुलाल लागला तर मी त्या हातून प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेणार नाही. तरुण संघातली मुलगी म्हणाली, काका, तुमच्या मुलाच्या लग्नाच्या वरातीत कोणता रंग उडाला होता? सभा तिथेच संपली. मला विचाराल तर त्या वडिलांचं म्हणणं मला पटत नाही पण त्यांची अडचण खोटी नव्हती. नगरसेवकाला सगळ्यांच्या मांडवात जावंच लागतं, न जाणारा माणूस वाईट नगरसेवक. आणि जाणारा पाळक काही घरांसाठी पाळक उरत नाही.

आणि या सगळ्याखाली एक न बोललेली गोष्ट, ती म्हणजे कंपाउंड. मिशनच्या जमिनी हा आपल्या प्रत्येक मंडळीचा दुखरा भाग आहे, कोण विकेल, कोण करार करेल, कोणता बिल्डर कोणाच्या घरी चहाला आला. पाळक नगरपालिकेत गेला तर कंपाउंड वाचेल असं निम्म्यांना वाटत होतं, आणि पाळक नगरपालिकेत गेला तर कंपाउंड जाईल असं उरलेल्या निम्म्यांना. पुरावा कोणाकडेच नव्हता.

तरुण संघातली पोरं प्रत्येक वादात वॉर्नॉकचं उदाहरण फेकायची. ते उदाहरण चांगलं आहे, पण पूर्ण बघितलं पाहिजे. राफाएल वॉर्नॉक हे अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे २००५ पासूनचे मुख्य पाळक, म्हणजे मार्टिन ल्युथर किंग आणि त्यांचे वडील ज्या पुलपीटवर होते तेच. २०१६ च्या सिनेट निवडणुकीला (अमेरिकन संसदेचं वरचं सभागृह) उभं राहायचा विचार त्यांनी केला होता, आणि जानेवारी २०१६ मध्ये नको म्हणाले. मग ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलं की लढतोय. त्याच्या दहाच दिवस आधी किंग दिनाच्या उपासनेला सिनेटर केली लॉफ्लर त्याच चर्चमध्ये येऊन बोलल्या होत्या, आणि पुढे लढत झाली ती त्यांच्याशीच. विचार करा, पाहुणी म्हणून आलेली बाई आणि यजमान पाळक, वर्षभराने एकमेकांविरुद्ध टीव्हीवर.

मग जे झालं ते आमच्या बाकांवर झालं तेच, फक्त मोठ्या पडद्यावर. जुने संदेश उकरून काढले गेले. २०११ च्या एका संदेशात ते देव आणि लष्कर दोघांची चाकरी एकदम करता येत नाही अशा अर्थाचं बोलले होते, बायबलातल्या मत्तयाच्या 'दोन धन्यांची चाकरी करता येत नाही' या वचनावरून, आणि चर्चमध्ये बसलेल्याला ते सहज कळतं, पण प्रचाराच्या क्लिपमध्ये ते सैनिकांविरुद्धचं वाक्य झालं. प्रचाराच्या वर्षी, ३० जुलै २०२० ला, नागरी हक्क चळवळीतले खासदार जॉन लुईस यांचा अंत्यविधी एबेनेझरमध्ये झाला, क्लिंटन, बुश, ओबामा तिघं हजर, ओबामांनी तिथूनच मतदानाच्या हक्काबद्दल राजकीय भाषण म्हणावं असं भाषण केलं, आणि विधी चालवणारा पाळक स्वतः उमेदवार. आता तो अंत्यविधी दुसऱ्या कोणाला द्यायचा होता का? मला तर नाही वाटत, लुईस त्यांच्याच मंडळीचे. पण हा प्रश्न त्या चर्चला सोसावा लागला.

५ जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या फेरीच्या मतदानात ते निवडून आले आणि पाळकपद सोडलं नाही. सिनेटरला बाहेरून किती कमावता येईल याला वर्षाला साधारण ३० हजार डॉलरची मर्यादा आहे, तर चर्चने घरभाड्याचा भत्ता वेगळा दिला, महिन्याला ७ हजार डॉलरच्या वर, आणि त्याची बातमी झाली. २०२२ ला परत लढले तेव्हा चर्चशी संबंधित एका इमारतीतल्या भाडेकरूंना घर खाली करायच्या नोटिसा गेल्याचा विषय प्रचारात आला. म्हणजे पाळक उभा राहिला की मंडळीचा ताळेबंद पण उभा राहतो. आमच्या खजिनदारांना हे वाचून दाखवलं तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तरी एबेनेझरला एक गोष्ट सोपी होती. बॅप्टिस्ट चर्चमध्ये मंडळीच पाळक नेमते, मंडळीच पगार देते, त्यामुळे ठेवायचा की नाही हे तिचं तीच ठरवते. आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चला याची सवय आहे, हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटमध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय, ते पण पाळकच. न्यूयॉर्कचे पाळक फ्लॉइड फ्लेक यांनी तर उलटं केलं, दहा वर्षांहून जास्त काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत, काढून १९९७ मध्ये मध्येच राजीनामा दिला कारण चर्चला पूर्ण वेळ हवा होता. मला हा माणूस फार आवडतो. कॅथलिकांचं तर कॅननमध्येच, म्हणजे चर्चच्या कायद्यातच, लिहिलेलं आहे, फादरने सत्तेचं पद घ्यायचं नाही, विषय कट. १९८० मध्ये पोपचा आदेश आला आणि अमेरिकन काँग्रेसमधले फादर ड्रायनन पुन्हा उभे राहिले नाहीत.

आणि आपल्याकडे कोणी नाहीच असं नाही. शिलाँगचे रेव्हरंड निकोल्स रॉय, घटना समितीत होते, ईशान्येच्या डोंगराळ भागांसाठीच्या सहाव्या अनुसूचीमागे त्यांचा मोठा हात. आमच्या तरुण संघात एकालाही हे नाव माहीत नव्हतं, वॉर्नॉक मात्र तोंडपाठ. असो.

आमच्याकडे पाळक डायोसीसचा, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्च-प्रांताचा माणूस. पगार डायोसीसचा, बदली बिशपसाहेबांच्या हातात. त्यामुळे मंडळी म्हणते ते आम्ही ठरवत नाही, डायोसीस म्हणतं अधिकृत अर्ज आलेला नाही, साहेब म्हणतात बघू. आणि त्यात निवडणूकच होईना! ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्टाच्या तारखा, नगरपालिकेवर प्रशासक. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे हालचाल. वेळेवर झाली असती तर आमचा प्रश्न एका हिवाळ्यात सुटला असता, इकडे किंवा तिकडे. "बघू" वर्षानुवर्षं लांबलं ते त्यामुळे.

शेवटी आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव. मी सुटकेचा श्वास घेतो तोच संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर सुरू, पाळकीणबाईंना उभं करा. बाई म्हणजे साहेबांच्या मिसेस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, नोकरी सोडल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही. त्यांनी ग्रुपवर एवढंच टाकलं, "माझी पेन्शन मंडळी देणार का?" कोणीही रिप्लाय केला नाही, एरवी गुड मॉर्निंगला चाळीस हात जोडतात.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये खजिनदारांनी एकदाचं विचारून टाकलं, साहेब, आता सांगा, खरंच राहणार होतात का? साहेब हसले, म्हणाले, खरं सांगू का, ठरवलंच नव्हतं, तुमच्यापैकी कोणी तरी समोरून विचाराल म्हणून थांबलो होतो. आता हे खरं की सोयीचं ते साहेबांनाच माहीत. पण समोरून कोणी विचारलं नव्हतं हे मात्र शंभर टक्के खरं, मीही त्यात आलो.

मी एक ठराव लिहून दिलाय. पाळकाचं किंवा कमिटीतल्या कोणाचंही नाव निवडणुकीसाठी घेतलं जायला लागलं तर त्याने महिन्याभरात हो की नाही ते लेखी द्यायचं. हो असेल तर फॉर्म भरल्यापासून निकालापर्यंत पुलपीट आणि चेकबुक दुसऱ्याकडे. लिलावात पाहुण्यांनी बोली लावायची नाही. सेक्रेटरी म्हणाले चांगलंय, पुढच्या मीटिंगला घेऊ. अजेंडा आला, विषय क्रमांक सात, स्मशानभूमीच्या कंपाउंड वॉलच्या खाली. साधारण चौथ्या विषयाला चहा येतो आणि लोकं उठतात.