तुम्ही विचारलंत म्हणून: हा सिग्नल इथलाच नाही कशावरून?

मुंबईत एफआरबीचा (फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हणजे दूर अवकाशातून येणारा क्षणिक रेडिओ स्पंद) विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "मिलिसेकंदभराचा तो रेडिओ स्पंद इथल्याच कुठल्या यंत्राचा नाही कशावरून?" प्रश्न रास्त आहे. "तुम्ही तपासतच नसाल" हा त्यामागचा सूर मात्र बोचतो.

लोकलच्या पेंटोग्राफवर ठिणगी उडाली की सगळ्या वारंवारतांवर एकाच क्षणी खरखर होते. दूरचा स्पंद वाटेतल्या इलेक्ट्रॉनांतून येतो, म्हणून त्यातल्या कमी वारंवारता मागे पडतात. त्या इलेक्ट्रॉनांचं माप म्हणजे डीएम. तो 500 असेल, तर 500 मेगाहर्ट्झवर दिसलेला स्पंद 300 वर उतरायला आणखी 15 सेकंद घेतो. असा वक्र माग दिसला की पुरावा झाला, हे मीही ठासून सांगत असे. ते चूक होतं.

चूक दाखवली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या 64 मीटर दुर्बिणीनं. तिच्या 2001 च्या नोंदींतला पहिला एफआरबी 2007 साली जाहीर झाला, डीएम 375. पुढे तिथेच तसाच माग असलेले, 'पेरिटॉन' नाव पडलेले स्पंद सापडले, तेही बहुतेक कामाच्या वेळेत. मूळ शोधावरच संशय आला. 2015 मध्ये उलगडा झाला: चालू मायक्रोवेव्हचं दार उघडलं की त्यातला लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन बंद होता होता 1.4 गिगाहर्ट्झवर स्पंद सोडत होता. पण पेरिटॉन दुर्बिणीच्या 13 ही बीममध्ये (आकाशाच्या वेगवेगळ्या तुकड्यांकडे रोखलेल्या) एकदम दिसत, 2001 चा स्पंद मोजक्याच बीममध्ये होता. पहिला एफआरबी त्या फरकावर तरला.

म्हणूनच अनेक अँटेना हव्यात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटरच्या 30 आहेत, कित्येक किलोमीटर पसरलेल्या. एकीजवळचा गोंधळ लांबच्या अँटेनापर्यंत तसाच पोहोचत नाही, आणि पोहोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून आकाशातली जागा काढता येते. त्यासाठी प्रत्येक अँटेनाचे मूळ व्होल्टेज लागतात. "मग सगळं साठवा की!" 200 मेगाहर्ट्झचा पट्टा, दोन ध्रुवीकरणं, 8 बिट धरले तर सेकंदाला 24 जीबी होतात, तासाला 86 टीबी. म्हणून मेमरीत फिरता बफर ठेवायचा, जीपीयूवर (समांतर गणित करणाऱ्या चिपवर) एकेक डीएम लावून पाहायचा आणि उंबरा ओलांडला की बफर डिस्कवर उतरवायचा. बफरमध्ये ते 15 सेकंद आणि शोधाचा वेळ, दोन्ही मावले पाहिजेत. शोध रेंगाळला तर 500 कडची सुरुवात पुसली जाते.

गोंधळ काढणाऱ्या गाळणीत खरा स्पंदही जात असेल, हा तुमचा संशय मात्र मला मान्य आहे. प्रत्येक क्षणाची सगळ्या वारंवारतांवरची सरासरी वजा केली की ठिणग्या जातात, पण कमी डीएमचे खरे स्पंदही त्यात मार खातात. अतितीव्र स्पंद तर गोंधळ समजून कापला जाऊ शकतो. गाळणी तपासायला डेटात कृत्रिम स्पंद मिसळतात, पण ते आपण कल्पिलेल्या घडणीचेच असतात. तेवढ्यावर विसंबावं का, याबद्दल माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.