दादा विचारतो, जॅकेट मोजतेस म्हणजे नक्की काय करतेस?

पोर्टलंडला येऊन मला आता चौथं वर्ष लागलं पण दादाला माझं काम अजून समजलेलं नाही, परवा फोनवर परत तेच, अगं जॅकेट मोजतेस म्हणजे काय करतेस नक्की, टेप घेऊन बसतेस का? दहा मिनिटांत सांगायला गेले, जमलं नाही, मग म्हटलं सरळ ब्लॉगवरच लिहू, तोही वाचेल आणि तुम्हीपण.

तर इथे अमेरिकेच्या या कोपऱ्यात, ओरेगनमध्ये, हिवाळाभर पावसाची रिपरिप चालू असते आणि लोक छत्री फारशी घेतच नाहीत, रेन जॅकेट चढवायचं, टोपी ओढायची आणि चालायला लागायचं. असली जॅकेट, तंबू, सॅक बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या या भागात आहेत, त्यातल्याच एकीत मी आहे. एक जॅकेट तयार होताना किती कोळसा-गॅस जळला, किती पाणी गेलं, कुठली केमिकल वापरली, हे कच्च्या मालापासून शोधत जायचं आणि आकड्यात मांडायचं, हे माझं काम.

पहिल्या आठवड्यात मला एक नवंकोरं जॅकेट आणि कात्री दिली आणि सांगितलं, उसव. चारशे ग्रॅमच्या आसपासचं जॅकेट, मी शिवण उसवून प्रत्येक तुकडा छोट्या काट्यावर ठेवत गेले. मेन चेन, खिशाच्या चेन, त्यांचे स्लायडर, मनगटाचं वेल्क्रो, टोपीची नाडी, नाडी अडकवायचा प्लास्टिकचा लॉक, लेबल, धागा, आणि शिवणीच्या आतून चिकटवलेली ती पातळ पट्टी, सीम टेप, जी निघता निघत नाही. कापड तर त्याहून अवघड. हाताला एक लागतं पण असतात तीन थर, वर नायलॉन, मधे पाणी अडवणारा मेम्ब्रेन, आत बारीक विणीची जाळी, आणि तिन्ही एकमेकांना असे चिकटवलेले की हाताने वेगळे होतच नाहीत, त्यांची वजनं मिलकडूनच मागवावी लागतात. शिवाय कटिंग टेबलवर जे कापड वाया गेलं ते जॅकेटमध्ये नसतंच, पण ते बनवायला कोळसा आणि पाणी लागलेलंच असतं ना, तेही धरायचं.

मग यातला प्रत्येक तुकडा आला कुठून? इथे सगळे टियरच्या भाषेत बोलतात. टियर 1 म्हणजे शिवणारा कारखाना, टियर 2 म्हणजे कापड विणणारे, रंगवणारे, लॅमिनेट करणारे, टियर 3 सूत, टियर 4 कच्चा माल म्हणजे तेलापासूनचा प्लास्टिकचा दाणा किंवा कापूस, लोकर, पिसं. ब्रँडची रोजची ओळख टियर 1 शी, फार तर टियर 2 शी, त्याच्या मागे गेलं की कोणाच्या तरी एक्सेलमधली नुसती नावं उरतात. आणि आमच्या मालात खरा भार पडतो तो या मागच्याच टप्प्यांमध्ये. शिवणयंत्राला वीज लागून लागणार किती? पण रंगाईला उकळतं पाणी लागतं, नायलॉनला शंभर डिग्रीच्या जवळपास, पॉलिएस्टरला तर प्रेशरमध्ये 130 पर्यंत, ती वाफ बॉयलरमधून येते आणि बॉयलर कशावर चालतो यावर सगळं अवलंबून असतं.

नायलॉनचंच घ्या. त्याचा एक प्रकार म्हणजे नायलॉन 6,6, त्याला ॲडिपिक ॲसिड लागतं, ते बनवताना नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 270 पट तापवतो. ज्या प्लांटने तो नष्ट करायची यंत्रणा बसवलीय तिथला धागा आणि जिथे ती नाहीये तिथला धागा, दोन्ही हातात घेतले तर काहीही फरक कळणार नाही. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी घरी येऊन मी माझ्याच जॅकेटचं लेबल उलटसुलट बघत बसले होते, तिथे फक्त 100 टक्के नायलॉन एवढंच.

हे मोजायचं वेड इथे जुनं आहे हं. 2007 च्या सुमाराला अमेरिकेतल्या आउटडोअर इंडस्ट्री असोसिएशनच्या छत्राखाली एकमेकांचे स्पर्धक असलेले ब्रँड एकत्र बसायला लागले, कारण साधं होतं, मिल सगळ्यांच्या त्याच, आणि एकाच मिलला प्रत्येक ब्रँड वेगळी प्रश्नावली पाठवणार म्हटल्यावर त्या बिचाऱ्यांनी कापड कधी विणायचं. त्यातून 2010 मध्ये इको इंडेक्स आला, म्हणजे मालाचा पर्यावरणावरचा भार मोजायची सगळ्यांची एकच पद्धत, 2011 मध्ये सस्टेनेबल ॲपरल कोअलिशन ही संस्था उभी राहिली आणि 2012 मध्ये तिचा हिग इंडेक्स, तशीच मोजायची पद्धत, जो मग सगळ्या कपडा उद्योगात पसरला. (त्या संस्थेचं नाव आता कॅस्केल आहे.) ही मंडळी एका टेबलावर बसली ही मला आजही मोठी गोष्ट वाटते.

पण 2022 च्या जूनमध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने तिथल्या एका आउटडोअर ब्रँडला सांगितलं की टीशर्टची जाहिरात हिगच्या आकड्यांवर करता येणार नाही, ती ग्राहकाची दिशाभूल आहे, कारण आकडा त्या टीशर्टचा नाहीच, त्या प्रकारच्या कापसाची सरासरी आहे. त्यानंतर हिगची ग्राहकांना दाखवायची लेबलं थांबवावी लागली. तेव्हा या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना ते लागलं होतं, पण माझं स्पष्ट मत, प्राधिकरणाचं बरोबर होतं. कुठलं मटेरियल घ्यायचं हे ऑफिसात ठरवताना सरासरी चालते, पण गिऱ्हाइकाला हेच जॅकेट चांगलं असं सांगताना नाही चालत.

आणि हे मला नीट पटवलं ते तैवानच्या एका मिलने. त्यांची वेळ आमच्या पंधरा तास पुढे (हिवाळ्यात सोळा), म्हणजे इथे संध्याकाळचे सहा वाजले की तिकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ, आमचे कॉल तेव्हाच. तिकडे पर्यावरणाचं बघणारी एक बाई आहे, माझ्यापेक्षा बरीच सीनियर, फार नेमकं बोलणारी. त्यांनी कोळशाचा बॉयलर काढून गॅसचा बसवला, मोठा खर्च केला. पुढच्या वर्षी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या कापडाचा आकडा जसाच्या तसा. का, तर मी त्या रकान्यात डिफॉल्ट ठेवलं होतं, जगाची सरासरी. तिने शांतपणे विचारलं, आम्ही एवढं केलं ते तुमच्याकडे दिसत का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोळशावरच थांबलेल्या मिललाही तोच आकडा आणि हिलाही तोच, मग तिने मॅनेजमेंटकडे पुढचे पैसे कुठल्या तोंडाने मागायचे?

मग आम्ही दोघींनी त्यांचा खरा डेटा भरायला घेतला आणि तेव्हा कळलं की अख्ख्या प्रोसेस हाऊसला, म्हणजे रंगाई-सुकवणीच्या विभागाला, वाफेचा एकच मीटर. त्या एका आकड्यातून आमच्या कापडाच्या वाट्याचं किती काढायचं? किलोवर वाटलं तर आमचं हलकं कापड स्वस्तात सुटतं, कारण एका किलोत त्याची लांबी, म्हणजे मीटर, जास्त भरते, आणि कापड ताणून सुकवणाऱ्या स्टेंटर मशिनमधून तर मीटर मीटरनेच जावं लागतं. मीटरवर वाटलं तर रंगाईचा हिशोब बिघडतो, कारण तिथे पाणी किलोवर ठरतं, एकास दहा प्रमाण असेल तर किलोभर कापडाला दहा लिटर, तेही एका बाथचं, म्हणजे रंगाच्या एका पाण्याचं, रंगाच्या आधीची आणि नंतरची धुणी वेगळी. शेवटी रंगाई किलोवर आणि सुकवणी मीटरवर असं वाटायचं ठरलं, यात तीन महिने गेले. एकदा पाण्याचा आकडा हजारपट आला, दोघी घाबरलो, लिटरचा आकडा घनमीटरच्या रकान्यात पडला होता.

शेड जुळला नाही म्हणून परत रंगवलेले लॉट तर आधी कुठल्याच हिशोबात नव्हते, तेही तिनेच रजिस्टरमधून काढून दिले, मी मागितलेही नव्हते.

जाता जाता पीएफएएसबद्दल, कारण दादाने ते पण विचारलं होतं. पाण्याचे थेंब जॅकेटवरून ओघळून जावेत म्हणून जी कोटिंग वापरायचे त्यातली ही केमिकल निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून नव्या कपड्यांत त्यांवर बंदी घातली, अतिवृष्टीत वापरायच्या खास जॅकेटना 2028 पर्यंत सवलत आहे पण लेबलवर तसं लिहावं लागतं. बंदी हवीच होती. फक्त नवीन कोटिंगला तेलकट मळ लवकर धरतो, त्यामुळे जॅकेट वेळोवेळी धुवा आणि मग कोमट ड्रायरमध्ये फिरवा, मळलं की पाणी ओघळायचं थांबतं, लोकांना वाटतं खराब झालं आणि ते नवीन आणतात. दादा, तुझं ते जुनं आधी धुऊन बघ. एक जॅकेट चार वर्षांऐवजी आठ वर्षं चाललं तर माझ्या सगळ्या टियरचा आकडा वापराच्या प्रत्येक वर्षामागे निम्मा होतो.

काल कॉलच्या आधी तैवानच्या त्या बाईचा मेल आला, सोबत फोटो. स्टेंटर लाइनच्या पाइपवर नवा वाफेचा मीटर, काचेवर अजून प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला. खाली एकच ओळ, पहिलं रीडिंग महिनाअखेरीला पाठवते, यावेळी भागाकार करायचा नाही.