तुम्ही विचारलंत म्हणून: नववीच्या मुलांना ही दुःखाची पुस्तकं कशाला?

पालकसभा संपली की एखादी आई हमखास मागे थांबते. "मॅडम, पुढच्या वर्षी दहावी. अभ्यासाचं सोडून पोरांना ही दुःखाची, जातीपातीची पुस्तकं कशाला देता? कोवळं वय आहे हो." विचारण्यात राग नसतो, काळजी असते. म्हणून नीट सांगते.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशोबात एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेस्तोवर ऊस तोडायचा. त्यांची दोन-चार पोरं आमच्याकडे येतात, हंगाम संपला की जातात. वर्गात त्यांना नाव नसतं. "ती कोपीवरची" एवढंच.

मी वर्गात पहिल्यांदा वाचून दाखवते ते पुस्तक नव्हे, एक निबंध. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती असं सांगतात, म्हणजे आमच्या नववीच्या वयाची. हे कळलं की मुलं सरळ बसतात. आमचा धर्म तरी कोणता, असं ती थेट देवाला विचारते. आणि एके ठिकाणी लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं. थंडी-पाऊस-वाऱ्यात त्यांना किती त्रास होत असेल!

एका वर्षी हे वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या रानात परवा एक बाई अशीच बाळंत झाली. कोपीत." वर्ग गप्प झाला. तो त्या शेताच्या मालकाचा मुलगा. परवा त्यानं ते पाहिलं होतं, पण त्याबद्दल बोलावं असं त्याला वाटलं नव्हतं. एकशे साठाहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका मुलीनं त्याला ते बोलायला लावलं. मला वाचन हवं आहे ते ह्यासाठी. वाचलं की माणूस आपोआप भला होतो असं मी म्हणत नाही. पुष्कळ वाचून कोरडी राहिलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण डोळ्यासमोर असूनही न दिसलेलं दिसायला लागतं, हे मी वर्गात पाहिलंय.

एक चूकही सांगायला हवी. लक्ष्मण माने आमच्याच जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातले. त्यांच्या 'उपरा' या आत्मकथनाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टोपल्या विणत, गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारं कैकाडी कुटुंब आणि पोराला शिकवायचंच हा बापाचा हट्ट. त्यातला भाग वाचून झाल्यावर मी कोपीवरच्या एका मुलीला उभं केलं. म्हटलं, तू सांग, तुमचंही असंच असतं ना? ती काही बोलली नाही. दोन दिवस शाळेतही आली नाही. तिसऱ्या दिवशी मी कोपीवर गेले तेव्हा ती धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. खाली बघत म्हणाली, "मॅडम, मला उभं करू नका."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. बाकीच्यांना दुसऱ्याचं दुःख कळावं म्हणून मी एका मुलीलाच धडा करून टाकलं होतं. तेव्हापासून कुणालाही पुरावा म्हणून उभं करत नाही. मुलांना वहीत लिहायला सांगते. "वाचून वाईट वाटलं" हे वाक्य चालत नाही. ते लिहिणं फार सोपं असतं. यात तुला काय माहीत नव्हतं ते लिही, आणि ते का माहीत नव्हतं तेही लिही. दुसऱ्या प्रश्नाशी मुलं अडतात, पेन चावत बसतात. मी घाई करत नाही.

आणि हे एकाच बाजूनं करून भागत नाही. सुखवस्तू मुलांनी वंचितांचं वाचायचं आणि वंचित मुलांनी स्वतःचंच वाचायचं, असं कशाला? कोपीवरच्या त्याच मुलीला मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र दिलं. भाषा जमेल का, अशी धास्ती होती. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ती स्वतःहून माझ्याकडे आली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची प्रकरणं वाचून हसू आवरत नव्हतं तिला. मग एकदम थांबून म्हणाली, "म्हणजे त्यांच्यात पण आईचेच हाल व्हते की!"

वर्गातल्या कुणाच्याही वहीत मला इतकं नेमकं वाक्य मिळालेलं नव्हतं.

मार्चअखेर टोळीचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा तिचं पुस्तक अर्धंच झालं होतं. ग्रंथालयाच्या रजिस्टरवर माझी सही करून म्हटलं, राहू दे तुझ्याकडे, पुढच्या हंगामाला येशील तेव्हा दे.