कसारा घाटात आज

आज दुपारी कसारा घाटात एका ट्रकने आमच्या गाडीला मागून धडक दिली. आम्ही सगळे सुखरूप आहोत. पण शेजारून जाणाऱ्या दुचाकीवरच्या मुलाचा पाय ट्रकखाली सापडला.

माणसं भराभर जमली, पण त्याला उचलायला कुणी पुढे येईना. "नंतर पोलीस आपल्यालाच बोलावतात," एक काका म्हणाले. ही भीती जायलाच हवी हो! २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा लावा.

गाड्या बाजूला घेण्याआधी नंबरप्लेट आणि टायरच्या खुणांचे फोटो काढले. ड्रायव्हरला मारायला धावलेल्यांना आम्ही अडवलं, तोही थरथरत होता.

ट्रकमालकाचा माणूस "इथेच मिटवू" म्हणत नोटा काढत होता. मुलाच्या भावाला मी बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, कशावरही सही करू नकोस. एफआयआरची प्रत घे, दवाखान्याची सगळी बिलं जपून ठेव. मोटार अपघात न्यायाधिकरणात ६ महिन्यांच्या आत दावा करावा लागतो.