तुम्ही विचारलेत म्हणून: एका कुत्रीची घाण उचलून काय फरक पडतो?

सकाळी सव्वासहाला मी तांबूला घेऊन खाली उतरते तेव्हा माझ्या एका हातात तिचा पट्टा आणि दुसऱ्या हातात आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या दोन घड्या असतात. मुलुंडच्या आमच्या गल्लीत गेली नऊ वर्षे हा क्रम चालू आहे, आणि या काळात एकच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. प्रश्न असा असतो: "रस्त्यावर इतकी भटकी कुत्री घाण करतात, त्यांची कोणी उचलत नाही, मग तुमच्या एकीची उचलून काय फरक पडतो?" विचारणाऱ्यांत कुत्री पाळणारे असतात तसे कुत्र्यांना कंटाळलेलेही असतात. त्यांना हा हिशेब खरोखरच जुळत नाही, म्हणून मीही तो मांडूनच उत्तर देते.

आधी सांगितले पाहिजे की त्यापूर्वी, तांबू आल्यावर पहिले वर्षभर, मीही उचलत नव्हते. तांबू झाडाच्या बुंध्याशी बसली की मला बरेच वाटे, कारण तिथे माती आहे, म्हणजे त्याचे खत होईल, असा माझा समज होता. शेणाने अंगण सारवलेले ज्यांनी लहानपणी पाहिले आहे त्यांच्या मनात जनावराची विष्ठा म्हणजे खत हे समीकरण इतके पक्के बसलेले असते की त्यात गाय आणि कुत्रा असा भेद करण्याचे सुचतच नाही. गाय गवत आणि कडबा खाते, कुत्रा मांस, अंडी आणि आपल्या ताटातले उरलेले खातो, आणि त्याच्या आतड्यातले काही जंत माणसालाही बाधतात. हे मला समजले ते तांबूला जंताचे औषध देण्यासाठी पशुवैद्यांकडे गेले तेव्हा. त्यांनी जे समजावून सांगितले त्यावर माझे सगळे उत्तर उभे आहे.

कुत्र्याच्या आतड्यातल्या गोल जंतांपैकी टॉक्सोकारा कॅनिस हा सर्वांत महत्त्वाचा. पिल्लाला तो पुष्कळदा आईच्या पोटात असतानाच लागतो, त्यामुळे काही आठवड्यांचे गोजिरवाणे पिल्लूही विष्ठेतून त्याची हजारो अंडी बाहेर टाकत असते. ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांच्यात अळी तयार होते आणि मगच ती धोक्याची ठरतात. तोवर मूळची घाण उन्हाने सुकून, पावसाने विरघळून किंवा पायांखाली पसरून दिसेनाशी झालेली असते. अंडी मात्र मातीत महिनोन्महिने, ओलावा आणि सावली असेल तर काही वर्षेही टिकतात. घसरगुंडीखालच्या मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांत ती जातात आणि नखांतून पोटात. माणसाच्या शरीरात या जंताची पूर्ण वाढ होत नाही, पण अळी आतड्यातून निघून यकृतात, फुप्फुसांत, आणि क्वचित डोळ्यात जाऊन बसते. डोळ्यात गेली तर मुलाची दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

याचा अर्थ असा की जेव्हा घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते आणि कागदात उचलता येते, तेव्हा या जंतापुरता तिचा धोका सर्वांत कमी असतो; आणि जेव्हा धोका तयार होतो तेव्हा उचलण्यासारखे काही उरलेले नसते. उपाय करण्याची वेळ काय ती पहिल्या काही मिनिटांची. त्या मिनिटांत तिथे हजर असलेला माणूस एकच असतो, आणि त्याच्या हातात पट्टा असतो. पालिकेकडे कितीही माणसे असली तरी ती त्या क्षणी तिथे असू शकत नाहीत. भटक्या कुत्र्याजवळ त्या वेळी कोणी उभे नसते, माझ्या कुत्रीजवळ मी असते. मला विचारलेल्या प्रश्नाचे गाभ्यातले उत्तर हे आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. भटकी कुत्री घाण करतात हे खरेच आहे. परंतु नऊ वर्षे रोज दोनदा याच वाटेने चालल्यावर माझ्या लक्षात आले आहे की मोकळे कुत्रे आपली जागा स्वतः निवडते आणि बहुधा कडेला जाते: पडक्या भिंतीमागे, राडारोड्याच्या ढिगावर, रिकाम्या भूखंडात. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला ही निवड नसते. ते मालक नेईल त्या वाटेने जाते, आणि मालक पदपथावरून, उद्यानाच्या कुंपणालगत, विजेच्या खांबांच्या रांगेने जातो. आमच्या भागातल्या उद्यानाच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी लागली तेव्हापासून फाटकाबाहेरची वीस पावलांची पट्टी हेच त्यांचे शौचालय झाले आहे, आणि प्रत्येक मूल त्या पट्टीवरूनच बागेत शिरते. माझ्या मते नुसती मनाई करण्याऐवजी उद्यानाचा एक कोपरा कुत्र्यांसाठी राखून तिथे झाकणाचा डबा ठेवला असता तर अधिक उपयोग झाला असता.

भटक्यांच्या बाबतीत काहीच करता येत नाही असेही नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार त्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून आणि जिन्यांपासून दूर ठरवायची असते, आणि तिथे घाण राहू न देणे ही खाऊ घालणाऱ्याची जबाबदारी असते. आमच्या गल्लीत दोन बहिणी चार कुत्र्यांना जेवण देतात. त्या रोज संध्याकाळी सुपडी आणि राख घेऊन तो कोपरा साफ करतात, त्यामुळे भटक्यांचे कारण पुढे करून आपल्या कुत्र्याची घाण तशीच सोडणाऱ्याला मी त्यांच्याकडे बोट दाखवते.

खरे तर उचलायला मी लागले ते जंतांची माहिती मिळाली त्या दिवसापासून नव्हे. समजल्यानंतरही काही आठवडे मी टाळाटाळ केली. एका पावसाळी सकाळी आमच्या गल्लीत झाडणाऱ्या पालिकेच्या सफाई कामगार बाई खांबापाशी वाकून पुठ्ठ्याच्या तुकड्याने खराट्याच्या काड्या खरवडत होत्या. काय झाले म्हणून मी विचारले, तेव्हा त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, "खराट्याला एकदा लागलं ना बाई, की पुढच्या सगळ्या गल्लीत तेच पसरतं. आणि धुवायला पाणी पार चौकीवर." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती घाण तांबूचीच होती की दुसऱ्या कुणाची, हे मला माहीत नाही, पण आदल्या रात्री आम्ही त्याच खांबापाशी थांबलो होतो. त्या पायात साध्या चपला घालून काम करत होत्या. अंकुशकृमी नावाचा कुत्र्याचा दुसरा एक जंत आहे, त्याची अळी ओल्या मातीतून थेट उघड्या कातडीत शिरते आणि त्वचेखाली नागमोडी, प्रचंड खाजणारी रेघ उमटवत पुढे सरकते, हे मी तेव्हा नुकतेच ऐकलेले होते. माझ्या आनंदासाठी पाळलेल्या जिवाची घाण दुसऱ्या बाईने पुठ्ठ्याने खरवडावी, याची मला जी लाज वाटली ती आजही वाटते.

म्हणूनच पगारी मुलाकडून कुत्रा फिरवून घेणाऱ्यांचा एक युक्तिवाद मला पटत नाही. मुंबईत हे आता सर्रास झाले आहे. एक मुलगा तीन-तीन कुत्री घेऊन जाताना दिसतो, त्याच्या हातात कागद नसतो आणि तो देण्याचे मालकाला सुचलेले नसते. आमच्या इमारतीतल्या एका काकांशी मी याबद्दल बोलले तेव्हा ते म्हणाले, "त्याला ते काम कसे सांगायचे? बरे दिसत नाही." काकांचा संकोच मला समजला, पण त्या मुलाला सांगितले नाही, तर तेच काम न सांगता झाडणाऱ्या बाईंवर पडते. संकोच वाटत असेल तर रात्रीची एक फेरी स्वतः मारावी, आणि त्या मुलाला कागद, हातमोजे व या कामाचे वेगळे पैसे द्यावेत.

दंड का करत नाहीत, असेही मला विचारले जाते. दंडाची तरतूद आहेच. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या 2006 च्या स्वच्छताविषयक उपविधींत पाळीव प्राण्याची रस्त्यावरची घाण न उचलणाऱ्याला 500 रुपये दंड सांगितलेला आहे. अडचण अशी की दंड करायचा तर ऐन वेळी पकडावे लागते, आणि कुत्री फिरतात पहाटे आणि रात्री दहानंतर. न्यूयॉर्क शहरात 1 ऑगस्ट 1978 पासून असा कायदा लागू झाला, त्यात 100 डॉलरपर्यंत दंड होता, आणि तिथेही प्रत्येक मालकामागे माणूस उभा करणे शक्य नव्हतेच. तरीही तिथे हळूहळू उचलणे हीच रीत झाली. माझी समजूत अशी आहे की कायद्याने शेजाऱ्याला बोलण्याचा हक्क दिला, आणि जरब बसली ती शेजाऱ्याच्या शब्दाची. आपल्याकडे शेजारी बोलत नाही, कारण बोलला तर भांडण कुत्रा पाळण्यावरच घसरते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. मी बोलते तेव्हा कुत्र्याचे नाव विचारून, त्याच्या पाठीवरून हात फिरवून, मग जवळची एक घडी पुढे करते. कुत्रेवाल्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते: पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू विष्ठेतूनच पसरतो आणि मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो, तेव्हा लस पूर्ण न झालेल्या पिल्लाचे मरण याच खांबापाशी असू शकते.

रीत सोपी आहे. तांबू गोल गोल फिरू लागली की तिच्याखाली कागद सरकवायचा. म्हणजे जमिनीला काही लागतच नाही. पातळ झाली असेल तर राख किंवा लाकडाचा भुसा टाकून पुठ्ठ्याने ओढून घ्यायची आणि उरलेला डाग बाटलीतल्या पाण्याने धुवायचा. पावसात छत्री, पट्टा आणि कागद एकदम सांभाळत नाहीत, तेव्हा मी दुधाची कापलेली रिकामी पिशवी हातमोज्यासारखी वापरते. घरी आल्यावर विष्ठा शौचकूपात टाकते आणि कागद गुंडाळून वेगळा देते. ओल्या कचऱ्यात किंवा गच्चीवरच्या खताच्या टोपलीत ती कधीही घालू नये, कारण घरगुती खतात जंतांची अंडी मरण्याइतकी उष्णता टिकून राहत नाही. तांबूला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध देते, तरी कागद चुकवत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या फाटकाशी रखवालदाराच्या खुर्चीमागे एक खोका ठेवलेला आहे. त्यात तीन घरांची वर्तमानपत्रे चौकोनी घडी करून पडलेली असतात, आणि सोमवारी भरलेला खोका शुक्रवारी रिकामा होतो. तुमच्या फाटकाशी असा खोका नसेल आणि तुम्ही मुलुंडलाच राहत असाल, तर सव्वासहाला खाली या. माझ्याकडे दोन घड्या असतात आणि तांबूला एकच लागते.