दोन डझन, लाल सोडून: चादरीच्या ऑर्डरचं पान तपासताना

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका घाऊक पेढीने चादरी, टॉवेल आणि नॅपकिनच्या ऑर्डरसाठी मोबाइलवर उघडणारं पान करून घेतलं होतं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरचे दुकानदार ते पान उघडायचे, दोन-चार मिनिटं चाळायचे आणि शेवटी पेढीला फोनच लावायचे. असं का होतं ते शोधून पान सुधारायचं काम आम्ही तिघांनी केलं. मराठीत, दुकानदारांसाठी असं काही बनवणाऱ्याला उपयोगी पडावं म्हणून सगळी पद्धत आणि सापडलेल्या चुका इथे लिहितोय.

पहिले दोन दिवस पानाला हातच लावला नाही. पेढीवर बसून फोनवर येणाऱ्या ऑर्डरी शब्दशः वहीत उतरवल्या. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात, पण पुढचं निम्मं उत्तर आम्हाला त्या वहीतच मिळालं. ऑर्डर साधारण अशी यायची: ‘मोठी चादर दोन डझन, लाल सोडून. नॅपकिन पाच डझन मिक्स. अन् मागचं ते चौकड्याचं डिझाईन परत.’ यातले तीन शब्द पानाला कळतच नव्हते: डझन, सोडून आणि मागचं. पानावर फक्त नग होते. प्रत्येक रंगासमोर वेगळी चौकट होती, म्हणजे ‘लाल सोडून’ म्हणायचं तर बाकीचे सगळे रंग एकेक करून भरायचे. जुनी ऑर्डर बघायची सोय तर नव्हतीच.

त्यानंतर आम्ही तिघांनी पान वेगवेगळं तपासलं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचे १० नियम (१९९४ मध्ये त्यांनी पक्के केलेले) समोर ठेवले: चाललंय काय ते पानाने सांगावं, वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावं, चूक झाली तर मागे फिरता यावं, वगैरे. प्रत्येक चुकीला ० ते ४ असा तीव्रतेचा अंक दिला. ० म्हणजे अडचणच नाही, ४ म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय पान लोकांपुढे न्यायचं नाही. तिघांच्या याद्या पूर्ण होईपर्यंत एकमेकांना दाखवायच्या नाहीत, हे कसोशीनं पाळावं. दुसऱ्याची यादी आधी वाचली की डोळा त्याच जागांवर जातो आणि तिघांचं काम एकाच्या कामाइतकं होतं. पण या तपासणीवर थांबू नये. तीव्रता १ म्हणून आम्ही सोडून दिलेली एक गोष्ट दुकानात ४ निघाली. ती पुढे येईलच.

दुकानदार निवडले पाच. निल्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेला हिशोब असा: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं, तर पाच जणांत साधारण ८५ टक्के दिसून जातात. हा हिशोब एकाच तऱ्हेच्या माणसांना लागू होतो, हे मात्र बरेच जण विसरतात. ऑर्डर देणारा दुकानदार आणि ती ऑर्डर उतरवून माल काढणारा मुनीम, या दोन तऱ्हा आहेत. त्यांची पाच-पाच माणसं वेगळी धरायला हवीत.

कामं कशी सांगायची यावर सगळी चाचणी अवलंबून असते. ‘कार्टमध्ये २४ चादरी टाका’ असं सांगितलं, की माणूस पानावर ‘कार्ट’ शब्द शोधतो आणि आपण त्याला उत्तरच देऊन बसतो. आम्ही कार्डावर लिहिलं: ‘थंडी सुरू व्हायच्या आत मोठ्या चादरी भरायच्या आहेत. दोन डझन पाहिजेत, लाल रंग खपत नाही.’ बटणावरचा एकही शब्द कार्डावर नको. अशी चार कार्डं केली आणि एका ओळखीच्या दुकानात रंगीत तालीम घेतली. त्यात दोन कार्डं बदलावी लागली. पानाची चाचणी प्रत वेगळी ठेवा, नाहीतर गोदामात खरंच माल बांधायला घेतात.

चाचणी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच फोनवर घेतली. दुपारी दीड ते चार, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. एकाला ४० मिनिटं. फोनमधलंच स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं आणि बोट कुठे टेकतं ते दाखवणारा पर्याय चालू केला. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्यायची आणि नोटिफिकेशन बंद करायला सांगायचं, नाहीतर बँकेचे मेसेज आणि उधारीची बोलणी सगळी त्यात येतात. वेळेचा मोबदला सुरुवातीलाच हातात द्यावा. शेवटी देणार म्हटलं की माणूस आपल्याला बरं वाटेल असं बोलतो.

सुरुवातीचं वाक्य पाठ करून गेलो होतो: ‘काका, तपासणी पानाची आहे, तुमची नाही. अडलात तर चूक पानाची. मनात येईल ते मोठ्यानं बोलत बोलत करा.’ तरी लोक स्वतःलाच दोष देतात. ‘आपल्याला नाही जमत ओ हे’ असं पाचांपैकी तिघांनी कधी ना कधी म्हटलं. त्या क्षणी मदतीला तोंड उघडतंच, आणि तेच आवरायचं असतं. मनात दहा आकडे मोजायचे. ‘आता कुठं दाबू?’ असं विचारलं तर ‘मी इथे नसतो तर कुठं दाबलं असतं?’ एवढंच म्हणायचं. गल्ल्यावरचा पोरगा ‘द्या इकडं’ म्हणून फोन ओढतो, त्यालाही आधीच सांगून ठेवावं.

आता ती १ ची ४ झालेली चूक. एका दुकानदारांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. संख्येच्या चौकटीत त्यांनी १२ लिहिले, देवनागरीत. खाली लाल अक्षरांत आलं, ‘कृपया योग्य संख्या टाका’. त्यांनी खोडून पुन्हा १२ लिहिले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी एक आणि दोन वेगवेगळे, सावकाश दाबले, आपलं बोट चुकलं असेल म्हणून. मग फोन खाली ठेवला. त्यांच्या संख्येत काहीच चूक नव्हती. फोनवर पान चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतलं पार्सइंट (लिहिलेल्या अक्षरांतून संख्या काढणारी आज्ञा) देवनागरी अंक ओळखत नाही. ‘१२’ दिले तर ‘ही संख्याच नाही’ असं उत्तर देतं. सर्व्हरवरच्या पायथॉन भाषेतली तशीच आज्ञा, इंट, मात्र तेच १२ बिनतक्रार बारा म्हणून घेते. त्यामुळे सर्व्हरवर घेतलेल्या चाचण्यांत काही निघालं नव्हतं आणि फोनवर सगळं अडत होतं. वर गंमत म्हणजे किमती मराठी पद्धतीने दाखवायची सेटिंग असल्यामुळे पान स्वतः देवनागरी आकडे दाखवत होतं, पण दुकानदाराकडून तेच आकडे घ्यायला तयार नव्हतं. उपाय छोटा आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला युनिकोड क्रमांक असतो. देवनागरी शून्याचा दशमानात २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. संख्या तपासायच्या आधी प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. शिवाय चौकटीला इनपुटमोड न्यूमरिक दिला, म्हणजे थेट आकड्यांचा कीपॅड उघडतो. हे दोन्ही करा. नुसत्या कीपॅडवर विसंबू नका, कारण लोक व्हॉट्सअ‍ॅपमधून आकडा चिकटवतातही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. अधिक-वजाची बटणं २४ पिक्सेलची होती आणि एकमेकांना चिकटून. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची (डीपी म्हणजे कुठल्याही पडद्यावर साधारण सारखं राहणारं माप) आहे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि मधे ८ डीपी मोकळी जागा. दर फिक्या राखाडी रंगात होते. हॅश-९९९ या रंगाचा पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक) २.८५ पडतो, किमान ४.५ लागतो. दुकानाच्या दारात, सोलापूरच्या उन्हात तो दर दिसतच नव्हता. हॅश-६६६ केल्यावर ५.७ च्या पुढे गेला. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेली होती, त्यामुळे ‘ऑर्डर पूर्ण करा’ मधला रफार वर आणि ऊकार खाली कापला जायचा. देवनागरीला ओळीची उंची १.६ तरी द्या, बटणाला ठरावीक उंची देऊ नका, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या फंदात पडू नका, शिरोरेषा तुटते.

‘चेकआउट’चं भाषांतर कुणीतरी ‘बाहेर पडा’ असं केलं होतं. भरलेली यादी जाईल या भीतीने दोघे तिथूनच मागे फिरले. ‘ऑर्डर पाठवा’ केल्यावर प्रश्न मिटला. पाठवल्यावर तीन-चार सेकंद पान गप्प राहायचं, म्हणून लोक पुन्हा दाबायचे आणि एकाच मालाच्या दोन ऑर्डरी पडायच्या. एक सेकंदापेक्षा जास्त लागणार असेल तर काहीतरी चाललंय हे दिसलंच पाहिजे. बटण दाबताक्षणी त्यावर ‘पाठवतोय…’ येतं आणि ते बंद होतं. त्याखेरीज प्रत्येक यादीला सुरुवातीलाच एक क्रमांक दिला, म्हणजे तीच यादी दोनदा आली तरी सर्व्हर एकदाच धरतो. मधेच फोन आला की यादी रिकामी व्हायची. आता ती फोनमध्येच साठवली जाते.

फोटोंबद्दल एक सांगायला हवं. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, उलट बाजूला रंगांची अदलाबदल दिसते. पानावर एकाच बाजूचा सपाट फोटो होता. दुकानदार पडद्यावर बोट ठेवून विचारायचे, ‘मागनं कशी आहे?’ एक कोपरा दुमडून फोटो काढला की एकाच चित्रात दोन्ही बाजू येतात. नव्याने फोटो काढायला एक दिवस गेला, पण इतका उपयोगी दिवस दुसरा नव्हता. रंगाच्या ठिपक्याखाली त्याचं नावही लिहिलं, कारण उन्हात तपकिरी आणि गडद लाल एकच वाटतात.

रंगांचा प्रश्न वहीतल्या शब्दानेच सुटला. आता सगळे रंग आधीच निवडलेले येतात आणि नको तो रंग दाबून काढायचा. ‘लाल सोडून’ म्हणजे एकच टिचकी. ‘मागचं’साठी गेल्या तीन ऑर्डरी सुरुवातीलाच दिसतात.

डझनाने मात्र आम्हाला खरा धडा दिला. पर्याय आधी कागदावर करून बघितले: ए-फोर कागद फोनच्या मापाचे कापून, पेन्सिलीने चौकटी काढून, बोट टेकवायला सांगून. ‘नग’ आणि ‘डझन’ अशी दोन बटणं आणि खाली ‘३ डझन = ३६ नग’ अशी ओळ, हे सगळ्यांना पटलं. म्हणून तसंच बनवलं. दुसऱ्या फेरीत एका दुकानदारांनी आधी नॅपकिन डझनात भरले, मग चादरीला २४ लिहिले. त्यांना हव्या होत्या चोवीस चादरी. पानाने आधीचं ‘डझन’ लक्षात ठेवलं होतं, ऑर्डर गेली २८८ नगांची. बेरजेची ओळ होती, पण कीपॅड उघडला की त्याच्याखाली झाकली जायची. कागदावर कीपॅड नव्हता, म्हणून तेव्हा हे दिसलं नाही.

एकच आकडा कुठल्यातरी बटणाच्या स्थितीप्रमाणे दोन अर्थ घेतो, तिथे अशी चूक आज ना उद्या होतेच. माणूस कितीही सावध असो. ‘नक्की पाठवायचं?’ अशी खिडकी टाकावी असं पेढीचं म्हणणं होतं. आम्ही नको म्हटलं. अशा खिडकीला लोक न वाचता ‘हो’ म्हणतात, आणि मग दोष त्यांच्यावर ढकलायला आपण मोकळे होतो. त्याऐवजी तीन बदल केले. सुरुवातीला दिसणारं एकक मालाप्रमाणे ठरतं, आधीच्या निवडीप्रमाणे नाही: चादर नगात, नॅपकिन डझनात. ‘डझन’ हा शब्द चौकटीच्या आतच, आकड्याला लागून उमटतो. बेरजेची ओळ चौकटीच्या वर नेली, कीपॅड तिथे पोचत नाही. तेच कार्ड आणखी तिघांना दिलं. दोघांचं पहिल्या झटक्यात बरोबर आलं. तिसऱ्यांनी आधी चुकीचं एकक निवडलं, वरची ओळ वाचली आणि स्वतःच बदललं. आम्हाला हेच हवं होतं.

शेवटी जॉन ब्रुक यांची, वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी १० वाक्यांची प्रश्नावली वापरली. प्रत्येक वाक्य किती पटतं त्याला १ ते ५ गुण. विषम वाक्यांच्या गुणांतून १ वजा, सम वाक्यांचे गुण ५ मधून वजा, बेरजेला २.५ ने गुणलं की १०० पैकी गुण. ६८ ही सरासरी धरतात. मराठीत त्यातली नकारार्थी वाक्यं कागदावर दिली तर लोक उलटं उत्तर देतात, म्हणून तोंडी विचारावीत. पाच जणांवर या आकड्याचा फार भरवसा धरू नये. किती जणांनी मदतीशिवाय बरोबर ऑर्डर पाठवली, ते आधी बघावं.

मुनिमाची बाजू अजून राहिली आहे. ऑर्डर त्यांच्याकडे एका लांब ओळीत छापून येते आणि ते पेनाने रंगागणिक तोडतात. त्यांच्याकडेही तशीच दोन दिवसांची वही भरून झाली आहे, आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत त्यांच्या पाच जणांची फेरी घ्यायची आहे.